साठ मीटरवरची विहीर आणि वीस मीटरची चौकट

नाशिकच्या एका औद्योगिक वसाहतीच्या कुंपणापलीकडे लगेच द्राक्षबागा सुरू होतात. त्यातल्या एका बागेत ठिबकचे ड्रिपर तांबूस गाळाने बुजायला लागले. बागायतदारांनी लॅटरल धुतल्या, ॲसिड सोडून पाहिलं, फिल्टर बदलला. पंधरवड्यात गाळ पुन्हा हजर. गाळ लोहाचा होता यात काही शंका नव्हती. पण आमच्या भूजलाच्या मॉडेलप्रमाणे ते लोह या विहिरीपर्यंत यायलाच नको होतं. विहिरीच्या ६० मीटर वरच्या अंगाला ते भूजलातलं प्रदूषण साफ करायला जमिनीत सोडलं होतं आणि पहिल्या २० मीटरमध्येच ते संपणार, असं मॉडेल सांगत होतं.

हे मॉडेल तपासायचं काम माझ्याकडे आलं. असं मॉडेल परिसराचे चौकोनी तुकडे पाडून हिशेब करतं. अशा मोठ्या चौकटींच्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, रासायनिक अभिक्रियेचा वेग कसा लिहायचा हा प्रश्न अनेकदा सॉफ्टवेअरच्या एका रकान्यात उरकला जातो. इथे त्याचं मोल एका बागेला आणि एका विहिरीला मोजावं लागत होतं, म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहितो आहे.

जमिनीखाली काय चाललं होतं

वसाहतीच्या कडेला क्रोम प्लेटिंगचा एक छोटा कारखाना होता, तो आता बंद आहे. त्याची जमिनीखालची टाकी बराच काळ झिरपत राहिली आणि षट्‌संयुजी क्रोमियम भूजलात उतरलं. हे क्रोमियम विषारी असतं, पाण्यात सहज विरघळतं आणि पाण्याबरोबर वाहतं. त्रिसंयुजी रूपात आलं की तेच क्रोमियम साधारण उदासीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, लोहाच्या हायड्रॉक्साइडबरोबर गाळ होऊन खाली बसतं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

रूप बदलायचा स्वस्त मार्ग म्हणजे फेरस सल्फेट, अर्थात बाजारात मिळणारा हिराकस. क्रोमियमच्या एका अणूमागे फेरस लोहाचे तीन अणू खर्ची पडतात. वजनात सांगायचं तर १ ग्रॅम क्रोमियमला ३.२ ग्रॅम लोह, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम हिराकस. उदासीन पाण्यात आणि इथल्यासारख्या मात्रेत ही अभिक्रिया काही मिनिटांत उरकते.

जागा आपल्याकडची नेहमीचीच. वर माती, खाली मुरूम, त्याखाली फुटलेला आणि मग सलग काळा दगड. पाणी वाहतं ते मुख्यतः मुरमातून आणि फुटलेल्या दगडातून. सफाईच्या कंत्राटदाराने प्रवाहाला आडवी बोअरची एक रांग घेतली, दोन बोअरमध्ये २ मीटर अंतर ठेवलं आणि त्यातून हिराकसाचं पाणी हळूहळू सोडलं. प्रत्येक बोअरच्या खालच्या अंगाला लोहाच्या पाण्याचा साधारण मीटरभर रुंद पट्टा तयार झाला. दोन पट्ट्यांच्या मधून क्रोमियमचं पाणी तितक्याच रुंदीने वाहत राहिलं.

मॉडेल एका तरुण अभियंतीने केलं होतं आणि मन लावून केलं होतं. विहिरींच्या पातळ्या जुळत होत्या, पाण्याचा ताळेबंद बसत होता, अभिक्रियेचा वेगांक, म्हणजे ती किती जलद होते हे सांगणारी संख्या, प्रयोगशाळेतला आणि बरोबर होता. ग्रिडची चौकट २० मीटर बाय २० मीटर होती. एक किलोमीटर बाय एक किलोमीटरच्या परिसरासाठी एका थरात अशा २,५०० चौकटी होतात. हेच ग्रिड १० सेंटिमीटरचं केलं तर १० कोटी चौकटी होतील, आणि प्रत्येकीत काळाच्या दर पावलाला रसायनशास्त्र सोडवावं लागेल. तिच्या ऑफिसातल्या संगणकाला ते झेपणारं नव्हतं, माझ्याही नाही. मोठी चौकट घेणं ही गरज होती, त्यात तिची काही चूक नाही.

पुढचे आकडे मी मुद्दाम गोल घेतले आहेत, म्हणजे कुणालाही वहीत करून पाहता येतील. भूजलाचा वेग दिवसाला ०.५ मीटर. क्रोमियमच्या पट्ट्यात लिटरला ५.२ मिलिग्रॅम क्रोमियम. लोहाच्या पट्ट्यात लिटरला १६.७५ मिलिग्रॅम लोह, म्हणजे समोरचं क्रोमियम संपवायला नेमकं पुरेल इतकं. पट्टे दोन्ही १ मीटर रुंद. चौकटीत ३ मीटर जाडीचा पाणी वाहणारा थर आणि ५ टक्के वाहती सच्छिद्रता धरली, तर एका चौकटीत ६० घनमीटर पाणी बसतं. त्यातलं अर्धं क्रोमियमचं, म्हणजे अवघं १५६ ग्रॅम क्रोमियम. ते संपवायला अडीच किलो हिराकस पुरतो. मालाची कमतरता कुठेच नव्हती.

चौकटीच्या आत

२० मीटरच्या चौकटीत बोअरच्या रांगेतले दहा बोअर मावतात. या दहा पट्ट्यांचं लोह आणि मधल्या पट्ट्यांचं क्रोमियम यांची मॉडेल सरासरी काढतं, त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करतं, त्याला वेगांकाने गुणतं आणि अभिक्रियेचा वेग ठरवतं. खरा वेग मात्र प्रत्येक ठिकाणच्या गुणाकारांची सरासरी घेऊन मिळतो. या दोन गोष्टी एक नव्हेत. लोह अर्ध्या जागेत २ आणि अर्ध्या जागेत ० आहे, क्रोमियम नेमकं उलट आहे, असं धरा. दोन्हींची सरासरी १, म्हणून मॉडेलचा गुणाकार १. प्रत्यक्षात कुठल्याही एका ठिकाणी दोघांपैकी एकजण ० आहे, म्हणून खरा गुणाकार सगळीकडे ०. मॉडेलचा वेग पूर्ण, खरा वेग शून्य.

गणितात हा फरक सहविचरणाचा असतो, म्हणजे दोन गोष्टी एकत्र किती वाढतात-घटतात याच्या मापाचा. गुणाकारांची सरासरी म्हणजे सरासऱ्यांचा गुणाकार अधिक सहविचरण. पट्टे वेगळे असतात तेव्हा सहविचरण ऋण असतं आणि पहिल्या संख्येला बरोबर खोडून काढतं. ग्रिड मोठं केलं की हीच संख्या चौकटीच्या आत गडप होते आणि समीकरणातून मुकाट्याने गळते. रासायनिक अभियांत्रिकीत हा विचार जुना आहे. दोन द्रव किती वेगळे राहिलेत याचं माप पीटर डँकवर्ट्‌स यांनी १९५२ मध्येच मांडलं होतं, आणि वाहण्याची, मिसळण्याची व अभिक्रियेची गती यांचं गुणोत्तर तर गेरहार्ड डामकोलर यांच्या नावानेच ओळखलं जातं. भूजलाच्या बाजूने ग्रॅमलिंग, हार्वी आणि मेग्ज यांनी २००२ मध्ये पारदर्शक कण भरलेल्या पेटीत कॉपर सल्फेट आणि ईडीटीए (तांब्याला धरून ठेवणारं रसायन) यांची गाठ घालून दाखवली. रंगावरून मोजलेलं उत्पादन नेहमीच्या समीकरणाच्या भाकितापेक्षा कमी निघालं, कारण कणांच्या पातळीवर दोन द्रव पुरते मिसळलेलेच नव्हते.

मोठ्या चौकटीची आणखी एक अडचण इथे भर घालत होती. प्रवाह सोडवण्याची साधी पद्धत आपल्या पदरचं खोटं पसरणं आणते आणि त्याची लांबी चौकटीच्या साधारण निम्मी असते. इथे ती १० मीटर होती. पट्ट्यांच्या आडव्या दिशेने पाणी खरोखर किती पसरतं ते सांगणारी लांबी आपण १ मिलिमीटर धरली आहे. प्रवाह ग्रिडला तिरका असला की ही १० मीटरची भेसळ आडव्या दिशेलाही शिरते. नाशिकच्या दगडातल्या फटी ग्रिडच्या रेषा बघून पडलेल्या नाहीत, तेव्हा प्रवाह तिरका असणार हे गृहीतच धरावं.

किती मिसळलं, याचा हिशेब

अभिक्रिया मिनिटांत होते आणि पाणी २० मीटर जायला ४० दिवस घेतं. तेव्हा रसायनशास्त्राची वाट पाहायची वेळच येत नाही, वाट पाहायची ती दोन पट्ट्यांच्या सीमेवर पाणी एकमेकांत शिरण्याची. आडवं पसरण्याची १ मिलिमीटर लांबी गुणिले दिवसाला ०.५ मीटर वेग, म्हणजे आडवं विसरण दिवसाला ०.०००५ चौरस मीटर. रेणूंचं स्वतःचं विसरण याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढं असतं, ते सोडून दिलं.

अभिक्रिया क्षणात होते असं मानलं की एक फार उपयोगी गोष्ट हाताशी येते. लोह (क्रोमियमच्या मापात मोजलेलं) वजा क्रोमियम, ही वजाबाकी अभिक्रियेने बदलत नाही. दोघेही एकाच प्रमाणात कमी होतात, वजाबाकी तशीच राहते. ती फक्त वाहते आणि पसरते. म्हणजे अभिक्रिया बाजूला ठेवून एका साध्या विसरणाचं गणित सोडवायचं. जिथे वजाबाकी धन तिथे लोह उरलेलं, जिथे ऋण तिथे क्रोमियम उरलेलं. सुरुवातीला वजाबाकीचा आलेख चौकोनी लाटेसारखा असतो, आणि चौकोनी लाटेचं विसरण फुरिए श्रेणीने, म्हणजे तिची अनेक साध्या लाटांत फोड करून, कागदावर सुटतं.

उत्तर असं आलं. १ मीटर रुंद पट्टे असतील तर ४० दिवसांनी, म्हणजे २० मीटरवर, फक्त ३२ टक्के क्रोमियम संपलेलं असतं. ६८ टक्के अजून वाहत असतं आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्यात तितकंच लोहही. ६० मीटरवर, विहिरीपाशी, दोघांचा ४५ टक्के वाटा शिल्लक असतो. सगळ्या पट्ट्यांची सरासरी धरली तर तिथे लिटरला ३.८ मिलिग्रॅम फेरस लोह पोचतं. ठिबकच्या पाण्यात लोह १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ड्रिपर बुजण्याचा धोका गंभीर समजतात. गाळ कुठून आला हे या एका आकड्याने सांगून टाकलं.

पट्ट्याची रुंदी बदलून पाहिली तेव्हा खरा मुद्दा उघडा पडला. तीच रसायनं, तोच वेगांक, तेच २० मीटर. २ मीटरचे पट्टे असते तर १६ टक्के संपलं असतं. १ मीटरच्या पट्ट्यांत ३२. अर्ध्या मीटरच्या पट्ट्यांत ६३. पाव मीटरच्या पट्ट्यांत ९७. अभिक्रियेचा वेगांक दहापट कमी किंवा जास्त धरला तरी यातला एकही आकडा हलत नाही. ज्या संख्येची खातरी करण्यात सगळ्यात जास्त कष्ट गेले होते तिचं या उत्तरात काही स्थानच नव्हतं, आणि ज्या संख्येवर सगळं अवलंबून होतं ती २० मीटरच्या चौकटीत कुठे लिहिलेलीच नव्हती.

नमुन्याच्या बाटलीने मॉडेलची बाजू घेतली

इथे कुणीही विचारेल, २० मीटरवर निरीक्षणाचा बोअर नव्हता का? होता. त्याच्या पाण्यात क्रोमियम जवळजवळ सापडत नव्हतं, आणि त्यामुळेच मॉडेलवर सगळ्यांचा विश्वास बसला होता.

तो बोअर नेहमीचा, साडेसहा इंची. नमुना घेताना त्यात पंप सोडून जोराने पाणी उपसलं जायचं. पंप चारी बाजूंनी पाणी ओढतो, त्यात लोहाचा पट्टाही येतो आणि क्रोमियमचाही. दोघांची पहिली खरी भेट बोअरच्या नळीत आणि मग बाटलीत होते. मिनिटांत उरकणारी अभिक्रिया प्रयोगशाळेत पोचेपर्यंत केव्हाच पूर्ण झालेली असते. मोठी चौकट जे कागदावर करत होती तेच बाटलीने प्रत्यक्षात केलं. दोघांचं एकमत झालं, आणि जमिनीखालचं वास्तव दोघांच्याही नजरेतून सुटलं. बाटल्यांच्या तळाशी तांबूस गाळ बसलेला असायचा. नमुन्याच्या नोंदवहीत तो ‘गढूळ’ एवढ्या एका शब्दात लिहिला होता.

मग प्रवाहाला आडव्या, जवळजवळ लावलेल्या बारीक नळ्या मुरमात उतरवल्या. त्यांतून अगदी संथपणे थोडंथोडं पाणी घेतलं, जागेवरच गाळलं आणि जागेवरच रसायन घालून येणाऱ्या रंगावरून तपासलं. एका नळीत पिवळसर पाणी आलं, क्रोमियम भरपूर आणि लोह नाही. शेजारच्या नळीत रंगहीन पाणी आलं, लोह भरपूर आणि क्रोमियम नाही. त्यापुढच्या नळीत पुन्हा पिवळं. पट्टे गणितातल्यासारखे सरळ आणि सारखे नव्हते. काही रुंद होते, काही मुरमातल्या एखाद्या फटीने वळवलेले. पण ते होते, आणि शाबूत होते.

बागायतदारांच्या विहिरीतही हेच घडत होतं. दोन्ही पाणी विहिरीत येऊन मिळत होतं, काही क्रोमियम तिथे लोहाशी भिडून संपत होतं. पण विहिरीत हवेतला ऑक्सिजनही असतो आणि आपल्या दगडातलं पाणी थोडं अल्कधर्मी असतं. अशा पाण्यात ऑक्सिजन लोहावर वेगाने हक्क सांगतो. १ मिलिग्रॅम ऑक्सिजन ७ मिलिग्रॅम फेरस लोह खाऊन टाकतो. जितकं लोह ऑक्सिजनने नेलं तितकं क्रोमियम उघडं राहिलं. बागायतदारांनी मला विचारलं होतं, “सर, गाळ येतोय म्हणजे औषध काम करतंय ना?” त्यांना खरं उत्तर द्यायचं तर गाळ हे औषध वाया जात असल्याचं लक्षण होतं. जे लोह वरच्या अंगाला क्रोमियमवर खर्च व्हायला हवं होतं ते त्यांच्या ड्रिपरमध्ये बसत होतं.

वेगांक कमी करून बसवला तर?

बैठकीत पहिला उपाय हाच सुचवला गेला, आणि मी याच्याविरुद्ध जोर लावून बोललो. मोठ्या ग्रिडवर अभिक्रिया जास्त होते आहे, मग वेगांक घटवा, २० मीटरवर ६८ टक्के शिल्लक येईल इतका घटवा, झालं. या क्षेत्रात हे सर्रास केलं जातं आणि त्याला अपस्केलिंग म्हटलं जातं.

आम्ही तसं करून पाहिलं. ४० दिवसांना ६८ टक्के उरतील असा वेगांक बसवला. बसवलेलं मॉडेल ४० मीटरवर ५२ टक्के सांगतं, खरा हिशेब ५५. ६० मीटरवर ते ४२ सांगतं, खरा ४५. ८० मीटरवर ३५, खरा ३७. इतकं छान जुळलेलं पाहून कुणीही म्हणेल की प्रश्न सुटला. माझ्या मते धोका इथेच आहे. एका वेगाच्या आणि एकाच मात्रेच्या निरीक्षणांशी मॉडेल कितीही जुळवा, हा दोष त्यात दिसणारच नाही.

प्रश्न जरा बदला. कंत्राटदाराचं म्हणणं होतं की दाब वाढवून प्रवाह दुप्पट वेगाने न्यावा. बसवलेला वेगांक म्हणतो, वेळ निम्मा झाला, म्हणून २० मीटरवर ८१ टक्के उरेल. पट्ट्यांचं गणित म्हणतं, ६८ च. आडवं विसरण वेगाच्याच प्रमाणात वाढतं आणि वेळ त्याच प्रमाणात घटतो, त्यामुळे गुणाकारातून वेग निघूनच जातो. शिल्लक ठरते ती पसरण्याची लांबी गुणिले अंतर, भागिले पट्ट्याच्या रुंदीचा वर्ग, एवढ्यावर. जोराने ढकललं तर तेच न मिसळलेलं पाणी विहिरीत निम्म्या वेळात पोचेल, इतकंच.

आता दोन्ही मात्रा दहापट पातळ करा, जसं पावसाळ्यानंतर होऊ शकतं. बसवलेला वेगांक म्हणतो, आता ९५ टक्क्यांहून जास्त शिल्लक राहील. पट्ट्यांचं गणित पुन्हा ६८ म्हणतं, कारण दोन्ही बाजू सारख्याच पातळ झाल्या आहेत आणि सीमा जागची हललेली नाही. म्हणजे हा घटवलेला वेगांक ना लोहाचा गुण आहे, ना क्रोमियमचा, ना मुरमाचा. एका ठरावीक वेगाच्या, एका ठरावीक मात्रेच्या दिवसाची ती नोंद आहे, आणि सफाईचा आराखडा करायचा म्हणजे नेमक्या याच दोन गोष्टी बदलून पाहायच्या असतात.

चूक नेहमी याच बाजूने होते असंही समजू नये. तेल असलेल्या शेल खडकात हीटर सोडून केरोजेन (ज्यापासून तेल बनतं तो खडकातला सेंद्रिय पदार्थ) जागेवरच तापवतात, त्या मॉडेलांत मोठी चौकट उलटी फसवते. तिथे वेग तापमानावर घातांकाने चढतो. सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी ऊर्जा, मोलला २१० किलोज्यूल धरा, चौकटीचा अर्धा भाग ४०० अंश सेल्सिअस आणि अर्धा ३०० धरा. सरासरी तापमान ३५०, आणि मॉडेल त्याच तापमानाचा वेग घेतं. प्रत्यक्षात ४०० अंशाच्या भागात वेग त्याच्या वीसपट असतो, ३०० च्या भागात जवळजवळ नसतोच, आणि दोहोंची सरासरी मॉडेलच्या दहापट येते. आमच्या मुरमात ग्रिड अभिक्रिया फुगवतं, तिथे ते दडपतं. म्हणून ‘मोठ्या ग्रिडसाठी वेगांक अमुकने भागा’ असा सरसकट नियम कुणी दिला तर तो घेऊ नये. चौकटीच्या आत नेमकं काय असमान आहे ते आधी पाहावं लागतं.

चौकटीत काय भरलं

२० मीटरचं ग्रिड आम्ही ठेवलं. बदललं ते चौकटीने लक्षात ठेवायचं सामान.

आधी चौकट लोहाची सरासरी आणि क्रोमियमची सरासरी बाळगत होती. आता ती वजाबाकीची सरासरी बाळगते, आणि त्यासोबत चौकटीच्या आत ती वजाबाकी किती विषम आहे याचा हिशेब. हा हिशेब एका आकड्यात बसत नाही, कारण ताजी सीमा झपाट्याने मिसळते आणि पट्ट्याचा गाभा रेंगाळतो. पण फुरिए श्रेणीने वाटणी तयारच दिलेली आहे. न मिसळलेल्या मालाचा ८१ टक्के वाटा एका संथ दराने विरतो, ९ टक्के वाटा त्याच्या नऊपट दराने, ३ टक्के पंचवीसपट दराने. उरलेले ७ टक्के इतक्या लवकर मिसळतात की ते चौकटीत शिरतानाच संपले असं धरलं तरी चालतं. संथ दर म्हणजे पाय (π) या संख्येचा वर्ग गुणिले आडवं विसरण भागिले पट्ट्याच्या रुंदीचा वर्ग. आपल्या आकड्यांत तो दिवसाला सुमारे ०.००५ येतो.

म्हणजे प्रत्येक चौकटीमागे तीन जादा संख्या. २,५०० चौकटींना हा काही भार नाही. हे तीन वाटे पाण्याबरोबर पुढच्या चौकटीत वाहतात, त्यामुळे पाणी किती अंतर मिसळत आलं आहे याची आठवण टिकते. जुन्या मॉडेलमध्ये प्रत्येक चौकट पाण्याला नव्याने भेटत होती. आणि दरात वेग आपोआप येतो, कारण आडवं विसरण वेगातूनच निघतं. पंपाचा जोर बदला, मॉडेलला हाताने काही सांगावं लागत नाही.

पडताळणीसाठी त्या अभियंतीने बोअरच्या रांगेभोवतीचा छोटा तुकडा १० सेंटिमीटरच्या ग्रिडवर, प्रवाहाच्या दिशेला रेषा लावून, वेगळा सोडवला. बारीक ग्रिडची सरासरी आणि मोठ्या ग्रिडचं नवं उत्तर वेगाच्या प्रत्येक बदलाला आणि मात्रेच्या प्रत्येक बदलाला एकमेकांशी जुळत राहिलं. मला यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं वाटतं. एका स्थितीशी जुळणं पुरेसं नाही हे आम्ही आत्ताच पाहिलं होतं.

दोन गोष्टी या पद्धतीत पक्क्या नाहीत आणि त्या अहवालात ठळक लिहिल्या. एक, पट्ट्याची रुंदी आणि आडवं पसरण्याची लांबी बारीक नळ्यांतूनच ठरवावी लागते. शोधक मीठ सोडून एका बोअरमध्ये त्याचं येणं-जाणं मोजलं तर मिळतं ते पाणी किती लांबवर विखुरलं त्याचं माप. विखुरणं आणि मिसळणं वेगळं. एखादा पट्टा फटींतून फाटून शंभर मीटर पसरेल आणि तरी शेजारच्या पाण्याला शिवणार नाही. अशा चाचणीतून आलेली मोठी लांबी इथे वापरली की आपण पुन्हा जुन्याच उत्तराशी येऊन पोचतो. दुसरं, सीमेवर गाळ बसतो. लोह आणि क्रोमियमचा हायड्रॉक्साइड नेमका त्याच रेषेवर साचतो जिथे दोन पाणी भेटतात, आणि मुरमाची छिद्रं बुजवतो. तसं झालं तर मिसळणं आणखी मंदावेल. आमच्या दरात हे धरलेलं नाही, म्हणून आमचा अंदाजसुद्धा उदार आहे असंच समजावं.

निर्णय

नव्या मॉडेलसमोर पर्याय ठेवले तेव्हा चर्चा फार लांबली नाही. बोअरमधलं अंतर निम्मं केलं, म्हणजे १ मीटर, तर विहिरीपाशी ८ टक्क्यांच्या आत शिल्लक राहते. ऐकायला बरं वाटतं, पण क्रोमियम सरासरी लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरतं, म्हणजे मर्यादेच्या चौपट. लोह ०.६ च्या आसपास, ठिबकला तेही त्रासाचंच. अर्ध्या मीटरवर बोअर घेतले तर विहिरीपर्यंत काही उरत नाही, पण दर २० मीटरला ४० बोअर पाडायला आणि सांभाळायला कुणी तयार होणार नाही. हिराकस दुप्पट सोडला तर क्रोमियमचे पट्टे लवकर आकसतात हे खरं, पण उरलेलं लोह थेट बागेत जाणार. तो पर्याय मी लगेच बाजूला ठेवला.

शेवटी ठरलं ते असं. मिसळायचं काम जमिनीवर आणायचं. गळतीच्या जागेजवळच्या बोअरमधून पाणी वर उपसायचं, टाकीत हिराकस घालून ढवळायचं, पीएच सांभाळायचा, गाळ बसू द्यायचा आणि निवळलेलं पाणी तपासून वरच्या अंगाला पुन्हा जिरवायचं. जमिनीखाली ज्याला शेकडो दिवस लागतात ते टाकीत काही मिनिटांत होतं. क्रोमियमचा गाळ घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच पाठवायचा, हा खर्च पहिल्या आराखड्यात नव्हता आणि त्यावरून बरीच ओढाताण झाली. पण आधी तो गाळ मुरमात आणि ड्रिपरमध्येच बसत होता.

बोअरमधून सोडलेलं लोह आणि क्रोमियम जे आधीच विहिरीच्या दिशेने निघालं आहे ते परत आणता येत नाही. त्याच्यासाठी विहिरीचं पाणी पिण्याला आणि जनावरांना पूर्ण बंद केलं आहे. ठिबकला सोडण्याआधी ते टाकीत पाडून, हवा देऊन, गाळ बसवून आणि वाळूच्या फिल्टरमधून घ्यायचं, आणि तेही ताज्या तपासणीत क्रोमियम मर्यादेत असेल तरच. बागेची छाटणी जवळ आली होती, त्यामुळे बागायतदारांनी शेजारच्या शेतातून तात्पुरती पाइपलाइन ओढली. तिचा खर्च कुणी द्यायचा हे मॉडेलच्या कक्षेत येत नाही, पण तो त्यांच्यावर पडू नये असं मी अहवालात लिहिलं आहे.

पावसाळ्यात पाणी वरच्या मुरमात चढतं, प्रवाहाची दिशा थोडी फिरते आणि पट्टे वाकतात. वाकताना ते ताणले गेले तर अरुंद होतील आणि लवकर मिसळतील. नुसतेच सरकले तर वेगळे राहून दुसऱ्या एखाद्या विहिरीकडे जातील. यातलं काय होईल ते बारीक नळ्यांच्या पुढच्या फेरीतून कळेल. ती फेरी पोळ्याच्या सुमारास, पातळी सर्वांत वर असताना घ्यायची आहे. या वेळी नमुना घेणाऱ्या मुलांना जागेवरच गाळायचा सेट दिला आहे, आणि नोंदवहीत गाळाचा रंग, किती वेळात बसला आणि कोणत्या नळीतून आला, असे तीन वेगळे रकाने आखून दिले आहेत.